बाजूला ठेवलेली संख्या

"माझी पोरगी कुठाय?"

डॉ. ईश्वरी थोरवडे त्या वेळी एका बोकडाच्या कानात औषध घालत होती. तिने मान वर केली. दवाखान्याच्या दारात पांढऱ्या मिशांचे, रुंद छातीचे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. डोक्याला फेटा आणि हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

"कोण पोरगी, आजोबा?"

"राही. वय वर्षं दहा. हितंच ऱ्हाती म्हणून आलंय की." त्यांनी फोन पुढे केला. "आता माझं वय ब्याऐंशी. म्हातारी म्हणाली, खरं सांगा, काय भानगड हाय? म्हटलं, मलाच ठावं न्हाई, जाऊन बघून येतो."

फोनवर मूळक्रमांक प्राधिकरणाचा संदेश होता. "पडताळणी पूर्ण. आपल्या क्रमांकावर एका अपत्याचे पालकत्व आढळले. ही नोंद महिनाअखेर कायम होईल." खाली राहीचं नाव आणि कराडचा पत्ता.

गृहस्थांचं नाव सदाशिव पानस्करे. पाटण तालुक्यातल्या खडकओहोळ गावी त्यांची तालीम आहे आणि पंचक्रोशीत त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. संदेशात पालक म्हणून त्यांच्यासोबत आणखी दोघांची नावं होती. राहीला दत्तक घेतलेल्या ईश्वरीचं नाव मात्र नव्हतं.

ईश्वरीने बोकड मालकाच्या हाती दिला, हात धुतले आणि स्वतःचा फोन उघडला. तिलाही संदेश आला होता. तो एका ओळीचा होता. "या क्रमांकाची व्यक्ती आढळली नाही."

राही शाळेतून आली तेव्हा वस्ताद शेंगा सोलत बसले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मला आता तीन पालक? पालकसभेला तिघंही येणार?"

"म्या येणार," वस्ताद म्हणाले. "मास्तर तरास देत आसंल तर आधीच सांग."

*

नावं सारखी असतात, स्पेलिंगं बदलतात, आणि यंत्रं हुबेहूब चेहरे आणि आवाज तयार करू लागली तेव्हापासून फोटो आणि ध्वनिमुद्रणावरचा भरवसा गेला. त्यावर उपाय म्हणून मूळक्रमांक आला. राज्यातल्या प्रत्येक माणसाला एक मूळ संख्या द्यायची. म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशी. दोघांनी करार केला की दोघांच्या संख्यांचा गुणाकार करायचा. आलेला गुणाकार हा त्या कराराचा क्रमांक.

यातली खुबी शाळेतल्या गणिताची आहे. कुठलीही संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडता येते आणि ती एकाच प्रकारे फोडता येते. त्यामुळे करारांक फोडला की त्यात कोण कोण आहे ते समजतं. मागाहून कुणाचं नाव घुसवायचं किंवा गाळायचं म्हटलं तर संख्याच बदलते. घर, नोकरी, लग्न, दत्तक, सगळं या पद्धतीने नोंदलं जाऊ लागलं. दहा अंकी मूळ संख्या चाळीस कोटींहून अधिक आहेत, त्यामुळे तुटवड्याचा प्रश्न नव्हता. सुरुवातीला पाटण तालुक्यात सुमारे तीन हजार लोकांवर प्रयोग झाला. त्यांना लहान संख्या मिळाल्या. वस्तादांची होती एकशे एक्कावन्न.

ईश्वरीची होती ३२१५०३१७५१. तीनशे एकवीस कोटी, पन्नास लाख, एकतीस हजार, सातशे एक्कावन्न.

या महिन्यात प्राधिकरणाने नवं यंत्र बसवलं. जुनं यंत्र करारांकाला माणसाच्या संख्येने भाग जातो का एवढंच बघायचं. नवं यंत्र प्रत्येक करारांक शेवटपर्यंत फोडतं. राहीच्या दत्तकपत्राचा क्रमांक त्याच्यापुढे आला तेव्हा त्याने राहीची संख्या वेगळी काढली आणि उरलेली, ईश्वरीची, फोडायला घेतली. ती फुटली. एकशे एक्कावन्न गुणिले सातशे एक्कावन्न गुणिले अठ्ठावीस हजार तीनशे एक्कावन्न.

तिन्ही संख्यांना माणसं होती. यंत्राच्या हिशेबी ईश्वरीने आजवर केलेला प्रत्येक करार त्या तिघांनी केला होता. दवाखाना त्यांचा, म्हशींची सोनोग्राफी करायचं मशीन त्यांचं, आणि राही त्यांची.

*

ईश्वरीने सर्वांत आधी दिगंबरमामांना बोलावलं. कारण नऊ वर्षांपूर्वी ही संख्या तिला त्यांनी आणून दिली होती.

दिगंबरमामांना रांगेत उभं राहणं कमीपणाचं वाटतं. गॅसपासून विमानापर्यंत त्यांची ओळख असते आणि नसली तर दुपारपर्यंत होते.

"मामा, खरं सांगा. हा आकडा कुठून आणलात?"

"कुठून म्हणजे? ऑफिसातून." मामा खुर्चीत सावरून बसले. "अगं, सगळी दुनिया रांगेतले आकडे घेत होती. मला आतून कळलं की काही आकडे बाजूला ठेवलेत. एकावर आठ शून्यं आणि शेवटी सात, असले देखणे. आता बाजूला ठेवलेले म्हणजे कुणासाठी? आमदार, चेअरमन, त्यांची पोरं. म्हटलं, माझ्या भाचीनं काय घोडं मारलंय?"

"पण माझा कुठं देखणा आहे? मला तो पाठ व्हायला महिना लागला."

"तेच तर! मी म्हटलं, एवढा साधा दिसणारा आकडा बाजूला ठेवलाय म्हणजे नक्की कुणातरी फार मोठ्या माणसाचा असणार. साहेबांना म्हणालो, हाच द्या. त्यांनाही काय ते माहीत नव्हतं. दिला."

"मामा!"

"पेढे दिले होतेस तू मला तेव्हा," मामा दुखावल्या स्वरात म्हणाले.

*

"मामांची चूक आहे, पण एकट्या मामांची नाही," प्राधिकरणाच्या साताऱ्याच्या कार्यालयात उपसंचालक फरांदे म्हणाले. ते नुकतेच बदलून आले होते, त्यामुळे मोकळेपणाने बोलू शकत होते.

त्यांनी जे सांगितलं ते असं. संख्या मूळ आहे की नाही हे गावोगावच्या स्वस्त, नेट नसलेल्या उपकरणांवर झटपट तपासता यावं म्हणून एक जुनी, पक्की रीत घेतली होती. दोनाला दोनाने, त्या संख्येपेक्षा एकने कमी इतका घात होईपर्यंत, गुणत जायचं आणि शेवटी त्या संख्येने भागायचं. संख्या मूळ असेल तर बाकी एक उरते. या रीतीचा आणखी कडक प्रकारही आहे आणि प्राधिकरणाने तोच वापरला. दोनाच्या जागी तीन, पाच, सात घेऊनही तेच करून बघायचं. गणितात यांना साक्षीदार म्हणतात. फुटणारी संख्या एखाद्या साक्षीदाराला फसवू शकते. चौघांनाही फसवणं जवळपास अशक्य.

"जवळपास," फरांदे म्हणाले. "अडीच हजार कोटींच्या आत अशी एकच संख्या आहे जी फुटते, पण दोन, तीन, पाच आणि सात या चौघांपुढे मूळ म्हणून पास होते."

"एकच?"

"एकच. गणितवाल्यांना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी चार साक्षीदार पुरेत असं ठरवलं आणि ती एक संख्या कुणाला द्यायची नाही म्हणून बाजूला काढली. बाजूच्या खणात आधीच देखणे आकडे होते. हा तिथंच जाऊन पडला. का ठेवलाय ते कुणी लिहिलं नाही. बाजूला ठेवलेली गोष्ट चांगलीच असणार, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात."

"साहेब, मला नवी संख्या द्या. जुने करार तिच्यावर घ्या. झालं."

"दवाखाना, गाडी, घर, सगळं घेता येईल. संध्याकाळपर्यंत करून देतो." फरांदे थांबले. "पालकत्व नाही. पालकाचा क्रमांक बदलला की मूल आधी बालकल्याण समितीच्या ताब्यात जातं. नंतर नव्यानं दत्तकविधान. मुलं पळवणाऱ्या टोळ्या क्रमांक बदलून निसटत होत्या, म्हणून हा नियम केला. चांगला नियम आहे."

"किती दिवस?"

"चार महिने. कधी सहा."

राहीला ईश्वरीने तीन वर्षांची असताना घरी आणलं होतं. पहिले कित्येक महिने ती पोर चपला घालून झोपायची. कधीही उठवून दुसरीकडे नेतील म्हणून. चपला कधी सुटल्या ते ईश्वरीला चांगलं आठवत होतं.

"ती एक रात्रही बाहेर राहणार नाही," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी सांगा."

दुसरं होतं. महिनाअखेरीच्या आत तिन्ही क्रमांकधारकांनी ना-हरकत लिहून दिली तर यंत्र ती संख्या फोडायचं सोडून देईल. मजकूर ठरलेला होता, एका ओळीचा. "माझ्या क्रमांकाने वरील संख्येस भाग जात नाही."

"पण जातो की," ईश्वरी म्हणाली.

"जातो," फरांदे म्हणाले. "पण फॉर्ममध्ये दुसरी ओळ नाही."

*

वस्तादांनी वाचलंही नाही. अंगठ्याचा ठसा दिला आणि वर म्हशीचं दूध पाजलं. आकडा मात्र त्यांना अभिमानाचा होता. "एकशे एक्कावन्न म्हंजे आहेराचा आकडा. सगळ्या तालुक्यात माझ्यावानी शुभ आकडा कुणाचा न्हाई." तालमीतला त्यांचा नातू त्यांच्याच पालकत्वात होता, आई-बाप आखातात म्हणून. तो आणि राही मातीत लोळून आले.

अठ्ठावीस हजार तीनशे एक्कावन्न हा शिवम लोहार नावाचा तरुण निघाला. प्रयोगाच्या वेळी शाळकरी होता, आता पुण्यात लिफ्ट बसवायचं काम करत होता. त्याने फोनवरच सही केली. "ताई, घाबरलो होतो मी. माझी एक दोन वर्षांची आहे, तीच झोपू देत नाही. त्यात अचानक दहा वर्षांची."

उरल्या सातशे एक्कावन्न. उज्ज्वला केंजळे, पाटणच्या, निवृत्त गणित शिक्षिका. वय बहात्तर.

केंजळेबाईंनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून तिथेच भागाकार मांडला. ईश्वरी आणि राही बघत राहिल्या. बाईंचा हात कुठेही थांबला नाही.

"बेचाळीस लाख एक्क्याऐंशी हजार एक. बाकी शून्य," त्या म्हणाल्या. "भाग जातो."

"हो बाई, जातो. ते फक्त..."

"मग 'जात नाही' असं मी कसं लिहून देऊ?"

"सगळ्यांनी दिलंय."

"वर्गात चाळीस मुलांचं उत्तर चुकलं म्हणून ते बरोबर होत नसे." बाईंनी फॉर्म परत केला. "राग मानू नकोस. मी आयुष्यभर पोरांना एकच सांगितलं, बाकी शून्य आली की शून्य लिहायची, घरी मार बसणार असला तरी. ते शिकलेली माणसं आज तालुकाभर आहेत."

ईश्वरीचा आवाज चढला. "बाई, इथं पोरीचा प्रश्न आहे! एका ओळीसाठी..."

"आई," राही मध्येच म्हणाली. ती कॅलेंडरच्या पानाकडे बघत होती. "पण ही एवढी फुटते, तर त्या चौघा साक्षीदारांना कळलं कसं नाही?"

बाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "आहेराचं पाकीट बघितलंयस? वर एक रुपया का असतो?"

"शुभ म्हणून."

"तो काढ. एकशे एक्कावन्नवरचा एक काढ, सातशे एक्कावन्नवरचा काढ, अठ्ठावीस हजार तीनशे एक्कावन्नवरचा काढ. किती राहिले?"

"दीडशे. साडेसातशे. अठ्ठावीस हजार तीनशे पन्नास."

"आता तुझ्या आईच्या संख्येवरचाही एक काढ, आणि या तिघांनी भागून बघ."

राहीने पेन घेतलं. पहिला भागाकार नि:शेष गेला, दुसराही. तिसऱ्याला तिची जीभ दातांत आली. तोही गेला.

"प्रत्येकाचा एक काढला की प्रत्येकानं भाग जातो. साक्षीदार बघतात ते नेमकं हा एक काढून. तिघांनी मिळून इतकं बेमालूम सोंग घेतलंय की चारही साक्षीदार फसले. फार गोड संख्या आहे." बाईंनी पान घडी करून राहीला दिलं. "पण फुटते ती फुटतेच. नियमावली असेल तर ठेवून जा माझ्याकडे."

परतीच्या वाटेवर ईश्वरीने गिअर जरा जास्तच जोरात टाकले.

"आई, बाई वाईट आहेत का?"

"नाहीत. तोच तर त्रास आहे."

"मला जावं लागलं तर..." राही खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तिकडं चपला घालून झोपता येतं का?"

ईश्वरीने गाडी बाजूला घेतली. त्यानंतर थोडा वेळ त्या दोघींनी रस्त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर मोजले.

*

महिना संपायला तीन दिवस असताना बाईंचा फोन आला.

"नियमावली वाचली. लिहिणाऱ्याला विरामचिन्हं येत नाहीत. पण एकतिसावा नियम बरा आहे. वाचू?"

"वाचा."

"'करारांक फोडल्यावर त्यातील कोणत्याही एका मूळ संख्येस धारक नसल्यास, तो करार वाटू नये, मूळ नोंदीप्रमाणे अखंड वाचावा.' आलं लक्षात?"

"नाही, बाई."

"तुझी संख्या तिघांत वाटली जाते, कारण तिघंही आहेत. तिघांपैकी एकानं आपली संख्या परत केली, ती रिकामी झाली, तर वाटणी होत नाही. मग यंत्राला मूळ नोंद बघावी लागते. मूळ नोंदीत तू आहेस. कुणालाही खोटं लिहावं लागत नाही."

ईश्वरीने लगेच वस्तादांना आणि शिवमला फोनवर घेतलं.

"मंग म्या देतो की!" वस्ताद गरजले. "आहेराचा आकडा पोरीला आहेर."

"नातू तुमच्या पालकत्वात आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हाय."

"मग तुमची संख्या हलवली की तो समितीकडे जाईल. शिवम, तुझ्या पदरात मुलगी. तुझंही तेच." बाई क्षणभर थांबल्या, वर्गात पेपर वाटून उरलेले मोजताना थांबावं तशा. "म्हणजे मी."

"तुमचे काही करार अडतील का, बाई?" ईश्वरीने विचारलं.

"पेन्शन, घर, वीज. नव्या संख्येवर घेता येतात. अडत काही नाही."

"मग त्यो आधीचा कागद?" वस्तादांनी विचारलं. "म्या अंगठा दिलाय त्यावर."

"फाडून टाका. आणि पुढच्या वेळी वाचून अंगठा द्या."

"व्हय, बाई," ब्याऐंशी वर्षांचे वस्ताद म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या कार्यालयात सगळे जमले. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. वस्ताद नातवाला घेऊन आले होते. दिगंबरमामाही आले आणि दारातच शिपायाशी त्यांची ओळख निघाली. ईश्वरीने त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं.

फरांदे एकेक करार नव्या संख्येवर घेत गेले. पेन्शन. घर. वीज. मग पडद्यावर एक छोटा आकडा आला आणि त्यांचा हात थांबला.

"बाई, हा एक आहे. पाच लाख अडुसष्ट हजार पाचशे सात."

"हो."

"हा नव्या संख्येवर घेता येत नाही. दुसऱ्या पक्षाची संमती लागते, आणि ते..."

"सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. माहीत आहे मला. बंद करा."

ईश्वरी उठून टेबलापाशी आली. पडद्यावर लिहिलं होतं: सातशे एक्कावन्न गुणिले सातशे सत्तावन्न. विवाह.

"बाई, तुम्ही हे बोलला नाहीत."

"तू 'अडतील का' असं विचारलंस. हा अडत नव्हता. बंद होत होता."

"मी होऊ देणार नाही." ईश्वरीने पडद्यासमोर हात धरला. "साहेब, थांबा. बाई, इतकं नको. मी मंत्रालयात जाते, कोर्टात जाते..."

"परवा महिना संपतो. कोर्टाचा निकाल परवापर्यंत लागेल का?" बाईंनी तिचा हात हलकेच बाजूला केला. "ऐक. प्रयोगाच्या वेळी आम्ही दोघं रांगेत पुढेमागे उभे होतो. हे नेहमीसारखे उशिरा आले, म्हणून माझ्यामागे. मला सातशे एक्कावन्न मिळाला. त्यानंतरची मूळ संख्या सातशे सत्तावन्न. ती यांना. घरी येईपर्यंत हे सांगत होते, बघ, आपल्या दोघांच्या मध्ये कुणी नाही."

मामा बाकावर रुमाल शोधू लागले.

"ती नोंद साहेबांनी बंद केली तरी सातशे एक्कावन्नच्या पुढे सातशे सत्तावन्नच येणार. शंभर वर्षांनीही. ते काही या कार्यालयाच्या हातात नाही." त्या फरांद्यांकडे वळल्या. "माफ करा. तुमच्या कार्यालयाविषयी तक्रार नाही."

"नाही, नाही," फरांदे म्हणाले. त्यांनी आणखी एकदा विचारलं, खात्री आहे ना. बाईंनी मान हलवली. त्यांनी बटण दाबलं. पाच लाख अडुसष्ट हजार पाचशे सात पडद्यावरून गेला. सातशे एक्कावन्नसमोर 'रिकामा' असा शब्द आला.

मग त्यांनी राहीचा करारांक यंत्राला दिला. यंत्राने राहीची संख्या वेगळी काढली. उरलेली फोडली. एकशे एक्कावन्न: पानस्करे. अठ्ठावीस हजार तीनशे एक्कावन्न: लोहार. सातशे एक्कावन्न: धारक नाही. पडदा काही क्षण तसाच राहिला. वस्तादांनी नातवाचा खांदा इतका घट्ट धरला की तो ओरडला.

मग ओळी एकामागून एक पुसल्या गेल्या आणि एकच उरली. "वाटणी नाही. मूळ नोंदीप्रमाणे पालक: ईश्वरी थोरवडे."

"म्हंजे म्या गेलो?" वस्तादांनी विचारलं.

"गेलात, आजोबा," राही म्हणाली. "पण पालकसभेला या."

ईश्वरीला बाईंना काहीतरी म्हणायचं होतं. ते जमेना, म्हणून ती खाली वाकली. बाईंनी तिला मध्येच धरून उभं केलं. "पाया पडायचं कारण नाही. उत्तर बरोबर आलंय, एवढं पुरे."

परत जाताना बाई पुढच्या सीटवर बसल्या. राही मागे. सातारा सुटला तशी ती म्हणाली, "बाई, पण मध्ये कुणी नाही हे नक्की कशावरून? सातशे बावन्न ते सातशे छप्पन्न पाच जण आहेत की."

"असतील. बघ एकेक."

"बावन्न सम. चोपन्न, छप्पन्न सम. पंचावन्न पाचानं. त्रेपन्न..." तिने बोटांवर बेरीज केली. "सात, पाच, तीन, पंधरा. तीनानं जातो! सगळे फुटतात."

"आणि सत्तावन्न?"

ईश्वरीने आरशातून पाहिलं. पोर डोळे मिटून भागत होती. "दोन नाही, तीन नाही, पाच नाही. सातानं एकशे आठ वेळा... बाकी एक. अकरानं बाकी नऊ. कुठपर्यंत बघायचं, बाई?"

"तेवीसपर्यंत. पुढे गरज नाही."

"का?"

"ते घरी गेल्यावर सांगेन. आधी भाग."

तेरानं बाकी तीन आली. सतरानं नऊ. एकोणीसला ती चुकली, बाईंनी काही सांगितलं नाही, तिचं तिनेच परत केलं, सोळा. बाई समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या, पण प्रत्येक बाकीला त्यांचं बोट मांडीवर एकदा हलत होतं. उंब्रजचा पूल आला.

"तेवीस बत्तीसा सातशे छत्तीस," राही म्हणाली. "बाकी एकवीस."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीच फोडू शकत नाही."

"बरोबर," केंजळेबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकीची काच खाली केली.